मूडल : ट्रान्स विद्यार्थ्याचं नाव सांभाळायला कितपत कामाचं?

शाळेच्या धोरणात एक ओळ सहज लिहिली जाते: विद्यार्थी स्वतःचं जे नाव सांगेल, त्याच नावाने त्याला हाक मारावी. शिक्षकांच्या ती आठवडाभरात अंगवळणी पडते, वर्गमित्रांच्या त्याहून लवकर. मग एका सकाळी ऑनलाइन चाचणीचा निकाल प्रोजेक्टरवर लागतो आणि सगळ्या वर्गासमोर जुनं नाव झळकतं. त्यामागे कुणाचा वाईट हेतू नसतो. तरी जे नाव त्या मुलाने किंवा मुलीने मोठ्या कष्टाने मागे टाकलं, ज्याला ट्रान्स, म्हणजे पारलिंगी, मंडळी डेडनेम म्हणतात, ते आता चाळीस जणांना कळलेलं असतं आणि परत झाकता येत नाही.

म्हणून शाळा जे सॉफ्टवेअर वापरते तेही धोरणाचाच भाग मानायला हवं. मूडल या ऑनलाइन शिकवण्याच्या सॉफ्टवेअरचं हे परीक्षण त्या एकाच बाजूने केलं आहे. चाचण्या कशा घेता येतात, व्हिडिओ नीट चालतात का, हे इथे तपासलेलं नाही. विद्यार्थ्याचं नाव कुठे साठतं, कुणाला दिसतं, बदललं तर कुठे बदलतं आणि कुठे तसंच राहतं, एवढंच पाहिलं आहे. मूडलची पहिली आवृत्ती मार्टिन डूगियामास यांनी 2002 साली आणली. ते मुक्त स्रोत आहे, जीपीएल परवान्याखाली फुकट मिळतं, आणि शाळा ते स्वतःच्या सर्व्हरवर चालवू शकते. म्हणजे पुढे सांगितलेले सगळे बदल तुमच्याच हातात असतात, कुणा कंपनीला विनंती करत बसावं लागत नाही. मेनूंची नावं 4च्या मालिकेतल्या इंग्रजी पडद्यावर दिसतात तशीच दिली आहेत.

मत आधीच सांगायचं तर, योग्य पद्धतीने बसवलं तर मूडल या कामाला चांगलं आहे. पण हाताशी दिसणारा मार्ग, म्हणजे ‘अल्टरनेट नेम’ नावाची जागा, चुकीचा आहे, आणि बहुतेक शाळा नेमक्या तिथेच फसतात.

मूडल जे विचारतच नाही

मूडलच्या मूळ खात्यात लिंगाची जागाच नाही. नाव, आडनाव, ईमेल, शहर, देश, ओळख क्रमांक एवढं असतं. मुलगा की मुलगी हा प्रश्न कुठेही येत नाही. ‘ऑटो-क्रिएट ग्रुप्स’ वापरून वर्गाचे गट पाडले तर ते योगायोगाने, नावाच्या किंवा आडनावाच्या अक्षरक्रमाने किंवा ओळख क्रमांकाने पडतात. ट्रान्स विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही मूडलची सर्वांत मोठी जमेची बाजू. जी माहिती घेतलीच नाही ती फुटत नाही, चुकत नाही आणि दुरुस्तही करावी लागत नाही.

घोटाळा शाळाच करून ठेवते. ‘युजर प्रोफाइल फील्ड्स’मध्ये जाऊन कुणीतरी ‘मेल, फिमेल’ अशी ड्रॉपडाउन बनवतं, ती भरणं सक्तीचं करतं आणि सगळ्यांना दिसेल अशी ठेवून देतं. कशासाठी, असं विचारलं तर उत्तर येतं, ऑफिसच्या फॉर्मवर होती म्हणून. ऑफिसची सॉफ्टवेअरं पुष्कळदा आयएसओ 5218 या मानकाचे आकडे वापरतात: 0 म्हणजे माहीत नाही, 1 पुरुष, 2 स्त्री, 9 लागू नाही. त्यात पारलिंगी विद्यार्थ्याने काय निवडायचं? 9 निवडलं तर ‘तू आमच्या हिशेबातच नाहीस’ असा अर्थ होतो. त्यामानाने पत्त्यांच्या देवाणघेवाणीसाठी असलेलं व्हीकार्ड बरं. त्याच्या 2011 सालच्या मानकात पाच एकाक्षरी खुणांबरोबर माणसाने स्वतःच्या शब्दांत ओळख लिहायलाही जागा ठेवली आहे.

शिकवण्याच्या सॉफ्टवेअरला लिंग माहीत असण्याची गरज नाही. ती ड्रॉपडाउन काढून टाका. मात्र काढण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घ्या: प्रोफाइल फील्ड डिलीट केली की तिच्यात भरलेली सगळी माहिती जाते. एखादा अहवाल त्या माहितीवर चालत असेल तर आधी तो अहवाल बदला.

लिंग चोरपावलांनी आत शिरतं ते गटांच्या आणि कोर्सच्या नावांतून. ‘शारीरिक शिक्षण – मुली’ असा वेगळा कोर्स केला की तो विद्यार्थ्याच्या प्रोफाइल पानावर कोर्सच्या यादीत येतो. ‘मुलगे अ’ असा गट केला की सहभागींच्या यादीत नावासमोर तो दिसतो. गटाला ‘तुकडी 1’ म्हटलं तरी शिकवण्यात काही अडत नाही. अलीकडच्या आवृत्त्यांत गटाची ‘मेंबरशिप व्हिजिबिलिटी’ ठरवता येते, म्हणजे गटात कोण आहे हे इतरांपासून लपवता येतं. पण गटाला साधं नाव देणं हा उपाय त्याहून सोपा आणि पक्का. ओळख क्रमांकाचंही तसंच. मुलग्यांचे क्रमांक आधी आणि मुलींचे नंतर, अशा क्रमाने तो दिला असेल तर नाव बदलूनही क्रमांक सगळं सांगून टाकतो.

खातं माणसाला धरून, नावाला नव्हे

मूडल प्रत्येक खात्याला आतून एक आकडा देतं. गुण, सोडवलेल्या चाचण्या, मंचावरचे संदेश, हजर राहिल्याच्या नोंदी, सगळं त्या आकड्याला जोडलेलं असतं. नाव एका जागी साठतं आणि पान उघडताना तिथून वाचलं जातं. म्हणून नाव बदललं की दोन वर्षांपूर्वीच्या चर्चेतही त्या क्षणापासून नवं नाव दिसतं. प्रोफाइलच्या दुव्यातही नाव नसून आकडाच असतो.

हे ठाऊक नसल्याने होणारी चूक म्हणजे जुनं खातं बंद करून नव्या नावाने नवं उघडणं. तसं केलं की गुण आणि गृहपाठ जुन्या खात्यात अडकतात. दोन खाती एकत्र करायची सोय मूळ मूडलमध्ये नाही. त्यासाठी वेगळं प्लगइन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर, बसवावं लागतं आणि ते चालवण्याआधी डेटाबेसचा बॅकअप घ्यावाच लागतो. नाव बदलण्यासाठी याची काहीच गरज नव्हती. युजरनेममध्ये जुनं नाव असेल तर तेही प्रशासक त्याच खात्यात बदलू शकतो. एकदम अनेक विद्यार्थ्यांची युजरनेम बदलायची असतील तर सीएसव्ही फाइलमध्ये (तक्त्याची साधी मजकुरी फाइल) ‘ओल्डयुजरनेम’ हा रकाना घालून ‘अलाउ रिनेम्स’ला हो म्हणायचं. खातं तेच राहतं.

‘अल्टरनेट नेम’चा सापळा

2013 साली आलेल्या 2.6 आवृत्तीपासून मूडलच्या खात्यात ‘अ‍ॅडिशनल नेम्स’ असा विभाग आहे. नावाचा आणि आडनावाचा उच्चार, मधलं नाव आणि ‘अल्टरनेट नेम’ अशा चार जागा त्यात येतात. यादी वाचली की वाटतं, झालं काम. कागदोपत्री नाव ‘फर्स्ट नेम’मध्ये राहू द्यायचं, वापरातलं ‘अल्टरनेट नेम’मध्ये लिहायचं, आणि ‘साइट अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’, ‘युजर्स’, ‘परमिशन्स’, ‘युजर पॉलिसीज’ या वाटेने जाऊन ‘फुल नेम फॉरमॅट’मध्ये कोणतं नाव दाखवायचं ते लिहायचं.

इथून अडचणी सुरू होतात. समजा, फॉरमॅट ठेवला ‘अल्टरनेटनेम लास्टनेम’. ज्यांनी दुसरं नाव भरलेलं नाही त्यांच्यासाठी मूडल आपोआप पहिल्या नावाकडे वळत नाही. ती जागा मोकळी सोडतं. परिणामी सगळ्या शाळेची नुसती आडनावं दिसू लागतात. हे टाळायला कुणीतरी ‘फर्स्टनेम (अल्टरनेटनेम) लास्टनेम’ असं लिहितं. रिकामा कंस मूडल स्वतः गाळतं, त्यामुळे इतरांची नावं ठीक दिसतात. पण ज्या एका विद्यार्थिनीसाठी हे सगळं केलं, तिचं नाव ‘महेश (तन्वी) कदम’ असं होऊन बसतं. जुनं नाव लपवायचं होतं, ते कंसाबाहेर पहिल्या जागी आलं. त्याहून वाईट म्हणजे सगळ्या वर्गात कंस फक्त तिच्याच नावात.

यातून सुटायचा मार्ग आहे: सगळ्या विद्यार्थ्यांच्या ‘अल्टरनेट नेम’मध्ये सीएसव्हीने त्यांचंच पहिलं नाव भरायचं. तेही तेवढ्यापुरतंच, कारण पडद्यावरचं नाव बदललं तरी ‘फर्स्ट नेम’ जिथे थेट वाचलं जातं त्या जागा तशाच राहतात. गुणपत्रकाची एक्सेल फाइल उतरवली की तिच्यात ‘फर्स्ट नेम’ आणि ‘लास्ट नेम’ हे रकाने मुळातच असतात. सहभागींच्या यादीवरची अक्षरांची पट्टी मूळ पहिल्या नावावर चालते; तन्वी ‘त’खाली सापडत नाही, ‘म’वर टिचकी मारली की येते. बाहेरच्या एलटीआय साधनाला, म्हणजे मूडलमधून उघडणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरला, मूडल पूर्ण नावाबरोबर पहिलं नाव वेगळं पाठवतं, आणि ते ‘फर्स्ट नेम’मधलंच असतं. चौकस वर्गमित्राला एवढं पुष्कळ झालं.

‘युजर पॉलिसीज’च्या त्याच पानावर ‘अल्टरनेटिव्ह फुल नेम फॉरमॅट’ अशी दुसरी जागा आहे. ‘व्ह्यू फुल नेम्स’ ही परवानगी असलेल्यांना, म्हणजे मुळात शिक्षक आणि व्यवस्थापकांना, तिथे लिहिलेल्या पद्धतीने नाव दिसतं. विद्यार्थ्यांना वापरातलं नाव आणि शिक्षकांना दोन्ही, अशी सोय करण्याचा मोह होतो. करू नका. शिक्षकाचा पडदा हा त्याच्या एकट्याचा नसतो. तास चालू असताना तो भिंतीवर असतो, ऑनलाइन तासाला शेअर केलेला असतो, आणि मग दोन्ही नावं सगळा वर्ग वाचतो. दोन्ही फॉरमॅट एकसारखे ठेवा. ‘फुल नेम फॉरमॅट’मध्ये ‘लँग्वेज’ असा शब्द असेल तर नावाची मांडणी भाषापॅक, म्हणजे मूडलच्या त्या भाषेतल्या वाक्यांचा संच, ठरवतो. त्याऐवजी ‘फर्स्टनेम लास्टनेम’ असं स्पष्ट लिहिलेलं बरं.

जे बसवायला हवं ते

उलट करा. वापरातलं नाव ‘फर्स्ट नेम’मध्येच लिहा आणि कागदोपत्री नाव कपाटात ठेवा. मूडल शाळेचा वर्ग आहे, बोर्डाचं दप्तर नाही. इथल्या ‘फर्स्ट नेम’ला कायद्याचं वजन असायला हवं असं मूडल कुठेही म्हणत नाही.

कपाट बनवायला ‘साइट अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’, ‘युजर्स’, ‘अकाउंट्स’, ‘युजर प्रोफाइल फील्ड्स’ इथे जा आणि ‘टेक्स्ट इनपुट’ प्रकारची नवी फील्ड करा. तिचं नाव ‘दप्तरी नाव’ ठेवा. भरणं सक्तीचं नाही, लॉक केलेली, नोंदणीच्या पानावर दिसत नाही, आणि ‘हू इज धिस फील्ड व्हिजिबल टू’ला ‘नॉट व्हिजिबल’. एवढं केलं की ती फक्त प्रशासकाला आणि सगळे तपशील पाहण्याची खास परवानगी असलेल्यांना दिसते. ती परवानगी कुणाकुणाला आहे हे ‘डिफाइन रोल्स’मध्ये जाऊन बघा, कधीकाळी सोयीसाठी वाटलेल्या परवानग्या तिथे तशाच पडून असतात.

परीक्षा विभागाला बोर्डासाठी दप्तरी नावं लागतातच. त्यासाठी गुणपत्रकाच्या सेटिंगमध्ये ही फील्ड जोडायचा पर्याय आहे, पण तो सबंध साइटला लागू होतो आणि प्रत्येक शिक्षकाच्या फाइलपर्यंत ती फील्ड पोचण्याचा धोका राहतो. त्याऐवजी प्रशासकाने ‘बल्क युजर अ‍ॅक्शन्स’मधून यादी उतरवावी आणि ओळख क्रमांकावरून गुणांशी जुळवावी. दहा मिनिटांचं काम आहे, आणि दप्तरी नाव एकाच हातात राहतं.

ईमेल विसरू नका. पत्त्यात जुनं नाव असेल आणि ‘शो युजर आयडेंटिटी’मध्ये ईमेल निवडलेला असेल, तर शिक्षकाला सहभागींच्या यादीत नव्या नावाशेजारी जुनं नाव असलेला पत्ता दिसतो. आधी शाळेचा ईमेल बदला, मग मूडलमधला. तोवर ‘शो युजर आयडेंटिटी’मध्ये ईमेलऐवजी ओळख क्रमांक ठेवा.

नाव अजून पक्कं ठरलेलं नाही, विद्यार्थी आजमावून पाहतो आहे, असाही काळ असतो. तेव्हा खात्याला घाईने हात लावण्याची गरज नाही. गृहपाठाला ‘अ‍ॅनॉनिमस सबमिशन्स’ चालू केलं की तपासणाऱ्याला नावाऐवजी सहभागी क्रमांक दिसतो. हे सगळ्या वर्गासाठी लागू होतं, त्यामुळे एकाकडे बोट जात नाही, आणि तपासणीही निःपक्षपाती होते. एकच काळजी: हा पर्याय विद्यार्थ्यांनी काही पाठवण्याआधी निवडावा लागतो.

रात्रीत परत येणारं जुनं नाव

दुपारी सगळं नीट केलं आणि दुसऱ्या दिवशी विद्यार्थी लॉग इन करताच जुनं नाव परत आलं, ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते. कारण जवळजवळ नेहमी एकच. मूडलला नावं बाहेरून येतात, एलडॅप, शिबॉलेथ किंवा ओऑथ 2 अशा लॉग इनच्या बाहेरच्या व्यवस्थांमार्फत, आणि ‘डेटा मॅपिंग’मध्ये पहिल्या नावासमोर ‘अपडेट लोकल’ला ‘ऑन एव्हरी लॉगिन’ निवडलेलं असतं. म्हणजे प्रत्येक प्रवेशाला ऑफिसचं नाव येऊन हाताने लिहिलेलं नाव पुसून टाकतं.

उपाय दोन. एक, ते ‘ऑन क्रिएशन’ करणं. मग नाव फक्त खातं उघडताना येतं आणि पुढे मूडलमध्ये लिहाल ते टिकतं. तोटा असा की ऑफिसने एखाद्याचं शुद्धलेखन सुधारलं तर तेही मूडलला कळत नाही. दुसरा उपाय अधिक चांगला: ज्या निर्देशिकेतून, म्हणजे शाळेच्या खात्यांच्या मुख्य यादीतून, नाव येतं तिथेच वापरातल्या नावाची वेगळी जागा करायची, सगळ्यांसाठी भरायची आणि मूडलची जोडणी तिला करायची. मग मूडल, ईमेल, ग्रंथालय सगळीकडे एकच नाव जातं. एलडॅपमध्ये दर्शनी नावासाठी ‘डिस्प्लेनेम’ असा गुणधर्म असतोच. शाळेच्या निर्देशिकेत तो कशासाठी वापरला आहे ते आधी पाहून घ्यावं.

ऑफिसचं सॉफ्टवेअर वनरोस्टर पद्धतीने (विद्यार्थ्यांच्या याद्या एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्याचं मानक) याद्या पाठवत असेल तर आवृत्ती विचारा. 1.1मध्ये वापरातल्या नावाला जागाच नव्हती, 1.2मध्ये ती आली, सर्वनामांचीही आली. विक्रेता ‘आमचं वनरोस्टरला चालतं’ एवढंच सांगतो. कोणत्या आवृत्तीला, आणि ती जागा प्रत्यक्षात भरून पाठवता का, हे दोन्ही लेखी घ्या.

आणि कुणी सीएसव्ही चढवणारा असेल त्याला आधी सांगून ठेवा. ‘एक्झिस्टिंग युजर डिटेल्स’ला ‘ओव्हरराइड विथ फाइल’ निवडून वर्षाच्या सुरुवातीची जुनी फाइल पुन्हा चढवली की सगळी दुरुस्ती वाया. नवे विद्यार्थी जोडायचे असतील तर ‘अ‍ॅड न्यू ओन्ली’ पुरतं.

जे बदलत नाही

नाव खात्यातून घेऊन पडद्यावर दाखवलं जातं तिथे ते बदलतं. नाव मजकूर म्हणून लिहिलं गेलं तिथे नाही. मंचावर कुणी ‘धन्यवाद महेश’ लिहिलं असेल तर ते शब्द तसेच राहतात. पाठवून झालेले ईमेल, शिक्षकाने उतरवून घेतलेल्या गृहपाठाच्या झिप फाइलीतले फोल्डर, विद्यार्थ्याने स्वतःच जुन्या नावाने ठेवलेली फाइल, ऑनलाइन तासाचं रेकॉर्डिंग आणि त्यातल्या गप्पा, हे सगळं त्या दिवशीच्या नावानेच राहतं. प्रमाणपत्राचं ‘कस्टम सर्टिफिकेट’ प्लगइन मात्र प्रत्येक वेळी नव्याने पीडीएफ बनवतं, त्यामुळे ते पुन्हा उतरवलं की नवं नाव येतं.

मूडलमध्ये डेटाबेसभर शोधून शब्द बदलण्याचं एक साधन दडलेलं आहे. मेनूत ते नाही, पत्ता टाकूनच उघडतं. ते या कामाला वापरू नका. महेश नावाचे शाळेत आणखी पाच जण असतात, ‘महेश’ हा शब्द धड्यातही असतो, आणि बदल मागे घेता येत नाही. हाताने शोधा, विद्यार्थ्याला विचारा. काहींना जुन्या चर्चा पुसायच्या असतात, काहींना त्याचं काही वाटत नाही. तो निर्णय त्यांचा.

जुन्या बॅकअपची भीती खरी आहे. युजरनेम बदलल्यानंतर, आधी घेतलेला कोर्सचा बॅकअप वापरकर्त्यांसकट परत चढवला तर मूडलला जुना युजरनेम सापडत नाही आणि जुन्या नावाचं नवं खातं तयार होऊ शकतं. चढवताना ‘इन्क्लूड एनरोल्ड युजर्स’ बंद ठेवा. बहुतेक वेळा कोर्सचा मजकूरच हवा असतो.

बाहेरच्या साधनांत नाव जातं त्याला आळा घालता येतो. ‘एक्स्टर्नल टूल’च्या प्रायव्हसी विभागात ‘शेअर लाँचर्स नेम विथ टूल’ला ‘नेव्हर’ म्हणा, जिथे नावाची खरोखर गरज नाही तिथे. आधी गेलेलं नाव त्या साधनाच्या स्वतःच्या साठ्यात असतं. ते काढायला त्यांनाच लिहावं लागतं.

शिक्षकांसाठी असलेल्या ‘नोट्स’ जरूर तपासा. ‘ट्रान्स आहे, आधीचं नाव अमुक’ अशी नोंद चांगल्या हेतूने तिथे केलेली असते. ती ‘साइट’ पातळीवर असेल तर इतर कोर्सच्या शिक्षकांनाही वाचता येते. शिक्षकाला फक्त हे माहीत असावं लागतं की विद्यार्थ्याचं नाव तन्वी आहे. का, कधीपासून, आधी काय होतं, यातलं काहीही शिकवण्यासाठी लागत नाही.

घर

इथे मूडल कमी पडतं, आणि ही कमतरता गंभीर आहे. काही विद्यार्थी शाळेत एका नावाने वावरतात आणि घरी अजून काही सांगितलेलं नसतं. घरी अकाली कळणं कधी कधी मारहाणीपर्यंत किंवा शिक्षण तुटण्यापर्यंत जातं. मूडल एका खात्याला सगळीकडे एकच नाव दाखवतं. वर बघितलेले दोन फॉरमॅट परवानगीवर चालतात, नात्यावर नाही. पालकाला एक आणि वर्गाला दुसरं, असं भरवशाने दाखवता येत नाही.

मूडलमध्ये तयार पालक-खातं नसतं. ‘पॅरेंट’ अशी भूमिका शाळेने बनवावी लागते आणि ‘मेंटीज’ ब्लॉकमधून पालक मुलाचं काम पाहतात. ती सोय चालू असेल तर नाव बदलण्याआधी विद्यार्थ्याशी एकांतात बोलून चार प्रश्न विचारायलाच हवेत: वर्गात कोणतं नाव, शिक्षकांत कोणतं, घरी जाणाऱ्या पत्रावर कोणतं, आणि घरातलं कुणी तुझ्या फोनवर किंवा तुझ्या पासवर्डने मूडल उघडतं का? शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात. मोबाइल अ‍ॅप लॉग इन राहतं आणि फोन घरात सगळ्यांच्या हातात फिरतो. उत्तर धोक्याचं असेल तर मूडलमधलं नाव तूर्त तसंच ठेवून वर्गात तोंडी नाव वापरणं आणि निनावी गृहपाठ घेणं हाच सुरक्षित मार्ग. अशा वेळी सॉफ्टवेअर अपुरं आहे हे मान्य करून विद्यार्थ्याचा शब्द शेवटचा मानावा.

मराठीत चालवताना

इंग्रजीत सर्वनाम सांभाळलं की बरंचसं भागतं. मराठीत लिंग क्रियापदातही असतं, त्यामुळे सूचनांची वाक्यं पाहावी लागतात. ‘तू पात्र ठरलास’ यात मुलगा धरलेला आहे. ‘तुम्ही पात्र ठरलात’ यात कुणीच धरलेलं नाही. ‘तन्वी आली’ म्हटलं की लिंग आलं. ‘तन्वीने उत्तर पाठवलं’ यात क्रियापद उत्तराच्या मागे जातं, पाठवणाऱ्याच्या नाही. ही ‘ने’ची रचना आणि ‘तुम्ही’ या दोघांच्या आधारावर जवळपास प्रत्येक सूचना कुणालाही न दुखावता लिहिता येते. ‘लँग्वेज कस्टमायझेशन’मध्ये मराठी पॅक उघडून हवं ते वाक्य बदलता येतं, बदल वेगळे साठतात, आवृत्ती वाढवली तरी राहतात. पीडीएफवर शेरे मारताना शिक्षक साठवून ठेवतात त्या ‘क्विकलिस्ट’मध्येही ‘कमी पडलास’ सापडतं. तिथे ‘अजून सराव हवा’ लिहिलं की झालं.

सर्वनामांसाठी मूडलमध्ये स्वतःची जागा नाही. हवी असेल तर ऐच्छिक टेक्स्ट फील्ड करा, पण ती प्रोफाइलवर दिसेल, मंचावर नावाशेजारी नाही. मूडलसारख्याच कॅनव्हास या सॉफ्टवेअरमध्ये दर्शनी नाव वेगळं आणि सर्वनाम नावाबरोबर दिसण्याची सोय आहे. या एका बाबतीत ते पुढे आहे. गूगल क्लासरूम नाव गूगल खात्यातून घेतं, तिथे प्रशासकाने बदललं की पुरे. मात्र जुना ईमेल पत्ता पर्यायी पत्ता (अलायस) म्हणून मागे राहतो, आणि प्रत्येक विद्यार्थ्यासाठी बनवलेल्या प्रतींच्या शीर्षकात त्या वेळचं नाव चिकटलेलं असतं. मायक्रोसॉफ्ट 365मध्ये सर्वनामांची सोय संस्थेने चालू केल्याशिवाय दिसतच नाही. एवढ्यासाठी मूडल सोडून जावं असं नाही. पारलिंगी विद्यार्थ्याला काहीही न विचारता आत घेणारं सॉफ्टवेअर म्हणून मूडल या तिघांच्या बरोबरीने उभं राहतं, आणि फील्ड, परवानग्या, वाक्यं सगळं शाळेला स्वतः बदलता येतं म्हणून थोडं सरसच.

कामाचा क्रम मात्र पाळा. आधी विद्यार्थ्याशी बोलणं, मग नावाचा स्रोत किंवा ‘अपडेट लोकल’, मग ईमेल, मग युजरनेम, आणि शेवटी ‘फर्स्ट नेम’. उलट क्रमाने केलं तर मधल्या तासाभरात अर्धं जुनं आणि अर्धं नवं दिसतं. शाळा सुटल्यावर करा, चाचणी चालू असताना नको. मग ‘लॉग इन अ‍ॅज’ वापरून एकदा वर्गमित्राच्या आणि एकदा शिक्षकाच्या नजरेने पाहा: सहभागींची यादी, गुणपत्रक, एक जुनी चर्चा, एक उतरवलेली फाइल, मोबाइल अ‍ॅप. अ‍ॅप जुनी माहिती साठवून ठेवतं, म्हणून पान खाली ओढून ताजं करून बघा. ‘लॉग इन अ‍ॅज’ची नोंद लॉगमध्ये राहते, तेव्हा हे कुणाच्या नकळत नव्हे, विद्यार्थ्याला आधी सांगून करावं, जमलं तर त्याला शेजारी बसवून. कोणत्या जागी जुनं नाव सलतं हे त्याला आपल्यापेक्षा लवकर दिसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, विद्यार्थी पहिल्यांदा लॉग इन झाल्यावर, नाव पुन्हा एकदा तपासा.